साथीला बसलेला गवई

ऑस्ट्रेलियन गिटारवादक रोलंड एस. हॉवर्डनं आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं सोळाव्या वर्षी लिहिलं, आणि ते गाजलं दुसऱ्याच्या गळ्यातून. त्यानंतर तीसेक वर्षं तो लिहीत राहिला, गात राहिला, इतरांच्या गाण्यांना गिटारची साथ करत राहिला. तरीही मेलबर्नबाहेर त्याची ओळख बहुधा एवढीच: गायक निक केव्हच्या पहिल्या बँडमधला तो काडीसारखा बारीक, तोंडात सिगारेट धरलेला, पांढऱ्या गिटारचा माणूस. वर्णन चूक नाही. त्यात तो बाजूला उभा दिसतो, इतकंच. बाजूला उभं राहून गाणं फिरवणं हेच त्याचं काम होतं, हे मात्र त्यातून कळत नाही.

साथ करणारा म्हणजे दुय्यम, ही समजूत आपल्याकडेही आहे. पण मैफली ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, की गवई श्वास घ्यायला थांबतो तेव्हा संवादिनीवाला काय करतो, यावर अर्धी बैठक उभी असते. हॉवर्डची गिटार तशी ऐकावी लागते. ती गायकाला आधार देत नाही, त्याच्या मागून सूर धरून चालत नाही. गायकानं ओळ सोडली की ती आत शिरते आणि त्या ओळीवर आपलं मत देऊन निघून जाते. हे मत क्वचितच गायकाच्या बाजूचं असतं.

ज्या अल्बमांचं नेतृत्व त्यानं केलं असे पूर्ण लांबीचे अल्बम चारच आहेत: १९८७, १९९२, १९९९ आणि २००९. मधली अंतरं पाच, सात आणि दहा वर्षांची. या आकड्यांकडे बघून आळस, नशा, नशीब अशी कारणं सांगितली जातात. नशा होती, हेरॉइननं त्याची बरीच वर्षं खाल्ली. पण त्याच वर्षांत तो कोणाकोणाच्या रेकॉर्डवर वाजवत होता ते मांडलं, की ‘रिकामी वर्षं’ ही कल्पना टिकत नाही. मला तर वाटतं, त्याची स्वतःची गाणी जशी झाली तशी ती होण्याचं कारणच ही साथ आहे.

त्याचा जन्म २४ ऑक्टोबर १९५९ चा, मेलबर्नचा. ‘शिव्हर्स’ हे ते सोळाव्या वर्षीचं गाणं. आसपासची पोरं प्रेमभंगाची जी नाटकं करायची, त्यांची टर उडवायला त्यानं ते लिहिलं होतं. गाण्यातला मुलगा आत्महत्येचा विचार करतो आणि ती आपल्या ऐटीला शोभणार नाही म्हणून सोडून देतो. ओली ओल्सन, जनीन हॉल आणि जेफ वेगनर यांच्याबरोबरच्या ‘द यंग शार्लटन्स’ या जेमतेम काही महिने टिकलेल्या बँडमध्ये तो ते गायचा. १९७८ च्या अखेरीस तो ‘द बॉइज नेक्स्ट डोअर’मध्ये गेला. तिथे निक केव्ह गायला, मिक हार्वी गिटारला, ट्रेसी प्यू बेसला आणि फिल कॅल्व्हर्ट ड्रम्सला होते. गाणंही त्याच्याबरोबर गेलं आणि केव्हच्या वाट्याला आलं.

त्या बँडचा ‘डोअर, डोअर’ हा १९७९ चा अल्बम मिळाला तर पहिली बाजू आणि दुसरी बाजू लागोपाठ ऐकून बघावी. पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण हॉवर्ड येण्यापूर्वी झालेलं, दुसऱ्या बाजूला तो आहे. पहिली बाजू म्हणजे त्या काळी शेकड्यानं सापडणारं चटपटीत, ताठ, घाईतलं गिटार-संगीत. दुसऱ्या बाजूला तेच वादक असूनही गाण्यांत मोकळ्या जागा पडू लागतात. एखादा माणूस आल्यावर बँडला नेमकं काय होतं, याचा असा दोन बाजूंचा पुरावा क्वचित मिळतो. ‘शिव्हर्स’ दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी येतं. केव्हनं ते खऱ्या दुःखानं गायलं. विडंबन करुण चालीत गावं आणि ऐकणाऱ्यांनी डोळे पुसावेत, तसं झालं. आत्महत्येच्या उल्लेखामुळे रेडिओवर अडचण आली, पण लोकांनी ते उरी धरलं. पुढे १९९२ मध्ये ‘द स्क्रीमिंग जेट्स’नं ते गाऊन ऑस्ट्रेलियात पुन्हा लोकप्रिय केलं, तेही गंभीरपणेच. लिहिणाऱ्याचा उपहास पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या कानी पडला नाही.

इथे व्यवहाराची एक गोष्ट सांगायला हवी, कारण साथीदाराच्या पोटापाण्याशी तिचा संबंध आहे. रेकॉर्डवर दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दुसऱ्या कुणी गाणं नव्यानं गायलं तर पैसे पहिल्या हक्काच्या मालकाला जातात, जुन्या गायकाला नाही. साथीला वाजवणाऱ्याला बहुधा त्या दिवसाचं मानधन मिळतं आणि विषय संपतो. म्हणजे दहा जणांच्या दहा रेकॉर्डवर अप्रतिम वाजवूनही हाती काही राहत नाही, आणि पोरवयात लिहिलेलं एक गाणं मात्र इतरांनी गायलं की चार पैसे देत राहतं. ज्या गाण्याचा कंटाळा यावा तेच गाणं उपकार करतं.

१९८० च्या सुरुवातीला बँड लंडनला गेला आणि ‘द बर्थडे पार्टी’ झाला. लंडन थंड, महाग आणि त्यांच्या बाबतीत उदासीन. फोरएडी ही तेव्हा अगदी नवी असलेली कंपनी पाठीशी उभी राहिली आणि बीबीसीवर जॉन पीलनं त्यांना वाजवलं. ‘प्रेयर्स ऑन फायर’ (१९८१) आणि ‘जंकयार्ड’ (१९८२) या अल्बमांनंतर १९८२ मध्येच मुक्काम पश्चिम बर्लिनला हलला आणि १९८३ च्या जूनमध्ये मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात, फिट्झरॉय स्ट्रीटवरच्या क्रिस्टल बॉलरूममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. हा इतिहास इतरत्र भरपूर मिळतो. तो बँड वाजवताना कामाची वाटणी कशी करायचा, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं.

साधारण रॉक बँडमध्ये गिटार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरते आणि बेस तिच्या पायाशी चालतो. इथे उलटं होतं. ट्रेसी प्यूचा बेसच गाण्याचा कणा. आठ-दहा सुरांचा एक जाड, अश्लील म्हणावा असा लयीचा तुकडा घ्यायचा आणि गाणं संपेपर्यंत तो सोडायचा नाही. चाल ओळखायची असेल तर बेस गुणगुणावा लागतो. हार्वी त्याला घट्ट बांधून ठेवायचा, आधी गिटारनं आणि १९८२ मध्ये कॅल्व्हर्ट गेल्यावर ड्रम्सनं. सूर आणि लय दोन्ही अशी बंदोबस्तात असल्यामुळे हॉवर्डवर कॉर्ड धरायची जबाबदारीच उरली नाही. तो ओरखडा काढू शकत होता, गप्प बसू शकत होता, एकच सूर लांबवू शकत होता. त्याचं वादन बेबंद वाटतं, पण त्या मोकळेपणाचं भाडं प्यू भरत होता. त्याची नक्कल करणारे बहुतेक जण इथेच फसतात. बेस तसा नसताना तसली गिटार वाजवली की नुसता गोंगाट होतो.

आता त्या आवाजाबद्दल. ज्यांना तो काढून बघायचा आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

गिटार फेंडर जॅग्वार, साठच्या दशकातली. हॉवर्डनं ती विशीच्या आतच घेतली आणि अखेरपर्यंत वाजवली. आवाज मोठा करणारा अँप फेंडर ट्विन रिव्हर्ब. पायाशी आवाज बदलणारी, एमएक्सआर कंपनीची दोन पेडल्स: डिस्टॉर्शन प्लस आणि ब्लू बॉक्स. सामान एवढंच.

जॅग्वार १९६२ मध्ये आली, १९७५ मध्ये बंद झाली, आणि शेवटी शेवटी तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. म्हणून सत्तरीच्या अखेरीस ती पोरांना परवडायची. तिच्या तारेची कंपणारी लांबी २४ इंच, तर फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरची साडेपंचवीस. तीच तार त्याच सुरात लावली, तर जॅग्वारवर ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी पडतो. याचे दोन परिणाम. तार बोटाखाली मऊ लागते, खेचली की लगेच वाकते. आणि बारीक तारा लावल्या तर ती ढिली होऊन नुसती खडखडते. आजकाल दुकानातून गिटार ०.००९ इंचाच्या तारांवर येते आणि लोक तिला नावं ठेवतात. तिची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, मुळात जाड, सपाट वेटोळ्यांच्या तारांसाठी आखलेली होती. ०.०११ किंवा ०.०१२ चा संच लावा, अर्ध्या तक्रारी मिटतात.

उरलेल्या अर्ध्या घोडीच्या. तारा घोडीवरून मागे शेपटीकडे जाताना फार उथळ कोनात उतरतात, त्यामुळे त्या खाली नीट दबत नाहीत. जोरात छेडलं की तार खाचेतून उडी मारून शेजारी जाऊन बसते. उपाय असा: गिटारची मान काढायची, तिच्या खोबणीत पातळ पाचर घालायची, मान परत बसवायची. मान किंचित मागे कलते, म्हणून घोडी उंच करावी लागते आणि कोन वाढतो. दुसरी भानगड म्हणजे घोडीचे बारीक स्क्रू. कंपनांनी ते हळूहळू फिरतात आणि कार्यक्रमाच्या मध्यात एखादी तार पडद्याला टेकते. स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब टाकला की काम भागतं. नंतर उघडायचं झालं तर सहज उघडतंही. घोडी दोन खिळ्यांवर पुढेमागे झुलते, तो दोष नाही. सूर हलवायची दांडी दाबल्यावर तारांबरोबर तिनं सरकावं म्हणून ती तशी केलेली आहे. ती घट्ट बसवली की गिटार बेसूर होऊ लागते.

घोडीच्या मागे तारांचा लांबलचक भाग मोकळाच राहतो. तोही वाजतो. पुढची तार छेडली की मागे एक पातळ, काचेसारखा झंकार उठतो, सतारीच्या तरफांची आठवण व्हावी असा, फक्त कुठल्याही रागात न मिळवलेला. हा अवगुण समजून अनेक जण तिथे फोमचा तुकडा खुपसून तो बंद करतात. हॉवर्डच्या आवाजातला तो थंड काठ ज्यांना हवा असेल त्यांनी फोम काढून टाकावा.

विद्युत भागही जरा चमत्कारिक. गिटारच्या मुख्य जोडणीत एक मेगाओमची पॉट्स, म्हणजे खुंट्यांखालचे बदलते विद्युतरोध, असतात, तर स्ट्रॅटमध्ये पाव मेगाओमची. पॉटचा रोध जितका जास्त तितके वरचे सूर कमी गळतात, म्हणून जॅग्वार मुळातच धारदार. शिवाय खाली तीन खटके असतात: तारांचं कंपन टिपणारी दोन पिकअप चालू-बंद करायला आणि तिसरा खर्ज कापायला. तिसरा खटका टाकला की आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा होतो. एकटं वाजवताना तो भिकार वाटतो. पण बँडमध्ये, जिथे खालचा सगळा मजला बेसनं व्यापलेला आहे, तिथे असाच आवाज वेगळा ऐकू येतो. दिवाणखान्यात छान वाटेल असा सूर लावून स्टेजवर जाणाऱ्या गिटारवाल्याला हे उशिरा कळतं.

ट्विन रिव्हर्ब म्हणजे बारा इंचांचे दोन स्पीकर, मॉडेलप्रमाणे ८५ ते १३५ वॉट, वजन तीस किलोच्या आसपास. हा अँप कितीही चढवला तरी लवकर फाटत नाही, नुसता मोठा होत जातो. त्यामुळे घाण पेडलमधून आणायची आणि अँपनं ती निष्ठुरपणे मोठी करायची. त्यातला स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, भरपूर ठेवायचा. डिस्टॉर्शन प्लसमध्ये दोनच खुंट्या आणि आत जर्मेनियमचे डायोड. सूर कापला जातो, पण कडा पूर्ण चौकोनी होत नाहीत. त्याचा खरा उपयोग वेगळाच: मंद होत चाललेला सूर तो वर उचलून धरतो. फीडबॅकला हेच लागतं.

फीडबॅक म्हणजे स्पीकरमधून आलेली हवा तारेला परत हलवते, ती हालचाल पिकअप परत अँपला देतं, आणि फेरा सुरू होतो. कुठला सूर उसळेल हे अंतरावर ठरतं. ४४० हर्ट्‌झच्या सुराची लहर हवेत साधारण ७८ सेंटिमीटरची. म्हणून अँपपासून ३९ सेंटिमीटर मागे किंवा पुढे सरकलं की ती लहर तारेला मदत करण्याऐवजी विरोध करू लागते आणि दुसराच वरचा सूर जागा होतो. एक पाऊल म्हणजे एक सूर. जागा सापडली की पायाशी चिकटपट्टी लावून ठेवतात. पण प्रेक्षक आत आल्यावर खोली बदलते आणि खूण चुकते, तेव्हा पुन्हा शोधावं लागतं. घरी आवाज चढवता येत नसेल तर गिटारचं डोकं अँपच्या खोक्याला टेकवा. कंपन लाकडातून येतं आणि कमी आवाजातही तार गाऊ लागते.

एक गल्लत नेहमी होते. सगळीच किंचाळी फीडबॅक नसते. तळव्यानं सगळ्या तारा दाबा. आवाज थांबला तर तो तारेचा होता. थांबला नाही तर पिकअपच्या आतलं वेटोळंच हलतंय, आणि त्याला मेणात बुडवून घेण्याशिवाय इलाज नाही. पहिला आवाज वाजवता येतो, दुसरा फक्त सोसायचा.

ब्लू बॉक्स ही चक्रम वस्तू. आलेला सूर ती चौकोनी करते आणि त्याची वारंवारता चारानं भागते, म्हणजे दोन सप्तकं खाली एक घोगरा सूर निघतो. एका वेळी एकच सूर दिला तर ती ठीक चालते. दोन तारा एकदम छेडल्या की तिला कळत नाही कोणाला भागायचं, आणि ती अडखळते, थुंकते, मध्येच गप्प होते. मानेजवळचं पिकअप, टोन थोडा उतरवलेला आणि सातव्या पडद्याच्या वरची जागा, असं धरलं तर ती शहाण्यासारखी वागते. सूर विझताना मात्र ती हटकून तुटकते. हॉवर्डचं कौशल्य असं, की ही विझतानाची तडफड त्यानं वाक्याच्या शेवटासारखी वापरली. ‘द फ्रेंड कॅचर’ (१९८०) ऐकलं की या सगळ्या सामानाचा उपयोग एका झटक्यात कळतो.

आणि तरी हे सगळं विकत आणून हॉवर्ड होता येत नाही, कारण तो वाजवायचा त्याहून जास्त थांबायचा. हे लिहिणं सोपं आहे, करणं कठीण. हातात इतका मोठा आवाज असताना चार मात्रा गप्प बसायला लागणारी छाती बहुतेकांत नसते.

‘बर्थडे पार्टी’त तो गायलाही, पण फार थोडं. ‘द रेड क्लॉक’सारख्या गाण्यात त्याचा आवाज आहे: नाकातला, कोरडा, कंटाळलेला. ‘सेव्हरल सिन्स’ त्यानं लिहिलं आणि केव्ह गायला. बँड पुढे सरकला तशी केव्हला दुसऱ्याचे शब्द गाण्याची गरज उरली नाही, आणि हॉवर्डला गाण्यांसाठी जागा उरली नाही. शेवटच्या ‘म्यूटिनी’ या १९८३ च्या रेकॉर्डवर एका गाण्यात ब्लिक्सा बार्गेल्डची गिटार आहे. केव्हच्या पुढच्या बँडमध्ये, ‘बॅड सीड्स’मध्ये, बार्गेल्ड गेला. हार्वी गेला. हॉवर्ड नाही.

खरं तर त्याची दुसरी कारकीर्द आधीच सुरू झाली होती. १९८२ मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या गायिका लिडिया लंचबरोबर ‘सम व्हेल्व्हेट मॉर्निंग’ केलं. ली हेझलवूडनं लिहिलेलं, १९६७ मध्ये नॅन्सी सिनात्राबरोबर गायलेलं हे गाणं बांधणीनंच विचित्र आहे. पुरुष चारच्या लयीत गातो, बाई तीनच्या. केरवा तोडून दादरा सुरू व्हावा तसा तो सांधा येतो, आणि शेवटाकडे दोघं एकेका ओळीनं आलटून पालटून गातात, तेव्हा लय दर ओळीला मोडते. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, एकाच खोलीत दोन वेगळी गाणी चालू आहेत. हॉवर्डला हे गाणं का सापडलं असेल, ते लगेच पटतं. त्याची गिटार केव्हच्या आवाजाशी हेच करत आली होती.

त्याच वर्षी ‘आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटन’ या बर्लिनच्या बँडबरोबर आणि लंचबरोबर ‘थर्स्टी अ‍ॅनिमल’. १९८४ मध्ये फॅड गॅजेटच्या ‘गॅग’ अल्बमवर गिटार. मग सायमन बॉनीच्या ‘क्राइम अँड द सिटी सोल्युशन’मध्ये धाकटा भाऊ हॅरी आणि हार्वी यांच्यासह दोनेक वर्षं. विम वेंडर्सच्या १९८७ च्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ या चित्रपटात हा बँड बर्लिनच्या एका खोलीत वाजवताना दिसतो. हॉवर्ड खांदे पाडून उभा आहे, सिगारेट आहे, चेहऱ्यावर काही नाही. आवाज कुठून येतोय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. मला वाटतं, त्याला भेटायची सगळ्यात चांगली जागा हीच काही मिनिटं.

१९८७ हे वर्ष एकटंच ‘रिकामी वर्षं’ खोटी पाडायला पुरेसं आहे. निकी सडनबरोबर ‘किस यू किडनॅप्ड शॅराबँक’, जेरेमी ग्लकच्या ‘आय न्यू बफेलो बिल’वर वादन, लंचबरोबर पाच वर्षांपूर्वी सुरू झालेला ‘हनीमून इन रेड’ अखेर प्रकाशित, आणि स्वतःच्या ‘दीज इमॉर्टल सोल्स’ या बँडचा पहिला अल्बम. सडन हा उधळा, सैल वाजवणारा गाणारा. तो जिथे सांडतो तिथे हॉवर्ड एक ओळ ओढून कड बांधतो. लंच शब्द फेकते, चाल धरत नाही. तिथे चाल त्याला आणावी लागते. १९९१ च्या ‘शॉटगन वेडिंग’मध्ये हे काम सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. गायक बदलला की त्याची गिटार बदलते, पण अर्ध्या सेकंदात ओळखू येते.

‘दीज इमॉर्टल सोल्स’मध्ये जेनेव्हीव्ह मॅकगकिन पियानो आणि ऑर्गनला, हॅरी बेसला, आणि सडनचा भाऊ एपिक साउंडट्रॅक्स ड्रम्सला. इथे हॉवर्ड पहिल्यांदा मधोमध उभा राहिला आणि एक साधी अडचण आली. गाणाऱ्याचे पाय माइकशी बांधलेले असतात. फीडबॅकसाठी पावलं मोकळी लागतात. एकाच वेळी दोन्ही होत नाही. यातून वाट एकच: ओळी आखूड करायच्या, ओळ टाकून मागे सरकायचं, अँपकडून उत्तर घ्यायचं, पुन्हा पुढे यायचं. त्याची गाणी याच चालीनं चालतात. आधी गायकाला उत्तर देत होता, आता स्वतःच गाऊन स्वतःलाच टोकतो. आणि सोळाव्या वर्षीचा उपहास इथे जागेवर पडतो, कारण शब्दांत कितीही रडगाणं असलं तरी मागची गिटार त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘शिव्हर्स’ला हीच साथ मिळाली नव्हती.

पहिला अल्बम चांगला, पण ध्वनिमुद्रण चिखलासारखं. पियानो आणि गिटार एकाच पट्टीत भांडतात. १९९२ चा ‘आय अ‍ॅम नेव्हर गॉना डाय अगेन’ जास्त मोकळा आहे. तेव्हा तो फारसा कुणी घेतला नाही. नव्वदीच्या मध्यावर हॉवर्ड मेलबर्नला परतला. एपिक १९९७ मध्ये वारला.

१९९९ चा ‘टीनेज स्नफ फिल्म’ हा त्याच्या नावाचा पहिला एकल अल्बम, वयाच्या चाळिशीला. प्रारहानच्या बर्डलँड स्टुडिओत लिंडसे ग्राव्हिनाबरोबर झालेला. ड्रम्सला पुन्हा मिक हार्वी, बेसला ब्रायन हूपर. हूपरचा बेस लोखंडी दाराइतका जड आहे, आणि प्यू गेल्यानंतर हॉवर्डला पहिल्यांदाच असा कणा मिळाला. पियानो बाजूला, कॉर्ड धरायची सक्ती नाही. दहा गाणी. दोन दुसऱ्यांची: १९६२ मध्ये ‘जे अँड द अमेरिकन्स’नं गाजवलेलं ‘शी क्राइड’ आणि बिली आयडलचं ‘व्हाइट वेडिंग’. हे दुसरं मूळचं मुठी आपटत गायचं गाणं. इथे ते संथ झालं आहे आणि धमकीसारखं वाटतं. मॅकगकिनबरोबर लिहिलेलं ‘सिल्व्हर चेन’ अल्बमची गुरुकिल्ली वाटतं मला. शेवटी ‘स्लीप अलोन’: शब्द संपतात, आणि गिटार कितीतरी वेळ एकटीच घोंगावत राहते. हार्वी आणि हूपर जागा सोडत नाहीत.

रेकॉर्ड लहान कंपनीनं काढली, फारशी कुठे पोहोचली नाही, बरीच वर्षं मिळेनाशी होती. २०२० मध्ये पुन्हा निघाली.

२००३ मध्ये हेपॅटायटिस सी निघाला. तो रोग यकृत वर्षानुवर्षं पोखरतो, आधी व्रण, मग कठीणपणा, मग कर्करोग. २००९ मध्ये हॉवर्ड यकृत-प्रत्यारोपणाची वाट बघत होता. त्या वर्षी त्याची दोन कामं बाहेर आली. एचटीआरके या मेलबर्नच्या तरुण बँडच्या ‘मॅरी मी टुनाइट’ या अल्बमची निर्मिती, ग्राव्हिनाबरोबर. आणि ‘पॉप क्राइम्स’, आठ गाण्यांचा, पुन्हा बर्डलँडमध्ये. ड्रम्सला हार्वी, बेसला जे. पी. शायलो. ऑक्टोबरमध्ये अल्बम आला, त्याच महिन्याच्या २९ तारखेला सेंट किल्डाच्या प्रिन्स बँडरूममध्ये त्यानं शेवटचं वाजवलं, आणि ३० डिसेंबरला तो गेला. पन्नास वर्षांचा होता. २०१५ मध्ये सेंट किल्डातल्या एका गल्लीला त्याचं नाव दिलं गेलं.

‘पॉप क्राइम्स’चा आवाज आजारी माणसाचा आहे, हे लपत नाही. श्वास कमी पडतो, ओळी आणखी आखूड होतात, आणि तितकी गिटारला आणखी जागा मिळते. टाउन्स व्हॅन झँटचं ‘नथिन’ तो गातो तेव्हा शब्द जवळजवळ बोललेलेच आहेत. पण अल्बम उघडतो तो एका युगुलगीतानं. समोर एचटीआरकेची जोनीन स्टँडिश आहे, जिच्या बँडसाठी तो आधी स्टुडिओत बसला होता. आपल्या नावाच्या शेवटच्या रेकॉर्डवर पहिल्याच गाण्यात त्यानं शेजारी दुसरा आवाज बोलावून घेतला, आणि ती गाते तेव्हा गिटार मध्ये येत नाही.